मास्तर व्हा, पगाराचं मागून पाहू

ही मार्गदर्शिका बुलढाणा जिल्ह्यात शिक्षक होऊ इच्छिणाऱ्या तरुण-तरुणींसाठी आहे. घाटावरच्या आणि घाटाखालच्या, दोन्हीकडच्या उमेदवारांना ती सारखीच लागू पडते. लोणार असो की जळगाव जामोद, प्रतीक्षेच्या बाबतीत कुठल्याही तालुक्यावर अन्याय होत नाही.

वाचायला बसण्यापूर्वी पुढील साहित्य जवळ असावं: घरची थोडीफार ओलिताची शेती, कमावता जोडीदार किंवा पेन्शनवर असलेले वडील. तिन्हींपैकी एकही नसेल तर मार्गदर्शिका मिटून ठेवावी आणि जेसीबी चालवायला शिकावं.

पूर्वतयारी

आधी डीएड किंवा बीएड करावं. मग टीईटी द्यावी. टीईटी उत्तीर्ण झालात म्हणजे शिक्षक होण्यास पात्र झालात. नोकरी मिळण्यास पात्र आहात की नाही, हे अभियोग्यता चाचणी ठरवते. ही चाचणी पहिल्यांदा डिसेंबर २०१७ मध्ये झाली, दुसऱ्यांदा २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये. मधल्या पाच वर्षांत आपली अभियोग्यता नासू नये म्हणून ती कोरड्या जागी ठेवावी. त्यानंतर शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवर नाव नोंदवून पसंतीक्रम भरावा. पोर्टल उघडत नसेल तर ते आपल्या संयमाची तोंडी परीक्षा घेत आहे असं समजावं. तिचे गुण धरले जात नाहीत.

पायरी १ : आपण कोणत्या जातीचे शिक्षक आहोत, ते ओळखा

बाहेरून सगळे शिक्षक सारखे दिसतात. तोच बालभारतीचा धडा, तोच खडू, तीच ‘मागे कोण बोलतंय?’ अशी आरोळी. फरक महिन्याच्या एक तारखेला कळतो.

पहिला प्रकार पूर्ण वेतनाचा. जिल्हा परिषदेचे आणि शंभर टक्के अनुदानित शाळांचे शिक्षक यात येतात. सातव्या वेतन आयोगात प्राथमिक शिक्षकाचं मूळ वेतन २९,२०० रुपयांपासून सुरू होतं, वर महागाई भत्ता. हा माणूस गावाला दिसतो. त्याची गाडी दिसते, तालुक्याच्या गावी बांधलेलं घर दिसतं, आणि ‘मास्तर लोकांची मज्जा आहे’ हे वाक्य त्याच्याकडे बघून तयार होतं.

दुसरा प्रकार शिक्षणसेवक. काम पूर्ण, जबाबदारी पूर्ण, पहिली तीन वर्षं ठरावीक मानधन.

तिसरा प्रकार अंशतः अनुदानित. यांचा पगार टक्क्यांत येतो: वीस, चाळीस, साठ. विद्यार्थ्याला चाळीस टक्के मिळाले तर त्याच्या बापाला शाळेत बोलावतात. शिक्षकाला चाळीस टक्के मिळाले तर त्याने पेढे वाटायचे असतात.

चौथा प्रकार विनाअनुदानित. याच्या पगाराबद्दल लिहिण्यासारखं फारसं काही नाही, म्हणून हा परिच्छेद इथेच संपतो.

पाचवा प्रकार इंग्रजी शाळेतल्या शिक्षिकेचा. पगार संस्थाचालक ठरवतात. खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींसाठी राज्यात १९७७ चा कायदा आहे, त्यात वेतनश्रेणीची सोय आहे. तो कायदा अत्यंत चांगल्या स्थितीत आहे, कारण फारसा वापरला गेलेला नाही. काही ठिकाणी पगार रीतसर बँकेत जमा होतो आणि त्यातला काही भाग रोख परत द्यायचा असतो. अशा वेळी आपण संस्थेला देणगी देत आहोत या भावनेने हात पुढे करावा. पोरं आणणाऱ्या व्हॅनवाल्याला किती मिळतं, हे मात्र विचारू नये.

एकाच शिक्षकखोलीत यांतले दोन-तीन प्रकार शेजारी बसलेले असू शकतात. एकाच इयत्तेच्या ‘अ’ तुकडीचा मास्तर गृहकर्जाचा हप्ता भरतो, ‘ब’ तुकडीचा मास्तर त्याच्याकडून पेट्रोलपुरते उसने घेतो. दोघांची पोरं दहावीला सारखाच पेपर लिहितात.

पायरी २ : अंकगणित पक्कं करा

शिक्षणसेवक योजना २००० साली आली तेव्हा प्राथमिक शिक्षणसेवकाला महिना ३,००० रुपये मिळत. २०१२ मध्ये त्याचे ६,००० झाले. मग सरकारला डुलकी लागली. तुरीची डाळ, गॅस सिलिंडर, एसटीचं तिकीट हे सगळं जागं होतं, मानधन तेवढं झोपलेलं होतं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने कान टोचल्यावर १ जानेवारी २०२३ पासून ते प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० झालं.

आता सरावासाठी एक उदाहरण. २०२२ मध्ये प्राथमिक शिक्षणसेवकाला ६,००० रुपये मिळत. महिन्याचे कामाचे दिवस २६ धरा. रोज पडला साधारण २३१ रुपये. त्याच वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २५६ रुपये होती. म्हणजे शाळेचं कुंपण खोदणाऱ्याला कुंपणाच्या आत शिकवणाऱ्यापेक्षा दिवसाला २५ रुपये जास्त. खोदणाऱ्याचे २५६ रुपये जास्त नव्हतेच. तेही कमीच होते. पण खोदणाऱ्याकडे डीएड, टीईटी आणि अभियोग्यता चाचणी कोणी मागितली नव्हती.

हे गणित वर्गात सोडवायला देऊ नये. हुशार पोरं उत्तर काढतील आणि पुढे कोणीच शिक्षक होणार नाही.

पायरी ३ : वाट पाहायला शिका

२००१ पासून राज्यात नव्या शाळांना ‘कायम विनाअनुदानित’ तत्त्वावर मान्यता मिळू लागली. अर्थ उघड होता: शाळा काढा, पैसे मागू नका. तरीही गावोगाव शाळा निघाल्या, कारण पोरं होती, डीएड-बीएड झालेले बेकार होते आणि संस्था काढणारे पुढारी होते. २००९ मध्ये ‘कायम’ हा शब्द काढला. त्यानंतर शाळांचं मूल्यांकन झालं. शौचालय आहे का, मैदान आहे का, रॅम्प आहे का, हे तपासलं गेलं. शिक्षक जेवतो का, असा रकाना तपासणीच्या तक्त्यात नव्हता.

पुढे २०१६ उजाडलं. त्या वर्षी ऑगस्टमध्ये विधिमंडळाने आमदारांच्या पगारवाढीचं विधेयक चर्चेविना मंजूर केलं. माजी आमदारांचं निवृत्तिवेतन ४० हजारांवरून ५० हजार झालं. सप्टेंबरमध्ये पात्र ठरलेल्या शाळांना वीस टक्के अनुदान देण्याचा निर्णय निघाला. एक काम एका बैठकीत झालं, दुसऱ्याचा पाचवा हिस्सा व्हायला पंधरा वर्षं लागली. नवशिक्यांनी यातून ‘चर्चा टाळावी, कामं लवकर होतात’ एवढाच बोध घ्यावा. ऑक्टोबरमध्ये औरंगाबादला मंत्रिमंडळाची बैठक होती, तिथे मोर्चा घेऊन गेलेल्या विनाअनुदानित शिक्षकांवर लाठीमार झाला. लाठी मात्र शंभर टक्के अनुदानित होती.

आपल्या जिल्ह्यात वाट पाहणाऱ्यांसाठी खास सोय आहे. भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी घट मांडतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे वर्षाचं भाकीत सांगतात. कपाशी कशी राहील, तूर कशी राहील, पाऊस कोणत्या महिन्यात दगा देईल, राजाची गादी कायम राहील का, हे सगळं तिथे कळतं. अनुदानाचा पुढचा टप्पा कधी, हे तिथेही कळत नाही. ते भाकीत अर्थसंकल्पीय अधिवेशनात आणि निवडणुकीच्या तोंडावर होतं, आणि त्याच्या खरेपणाबद्दल भेंडवळशी तुलना करणं भेंडवळवर अन्याय होईल.

पायरी ४ : आझाद मैदानाचा प्रवास

आंदोलनासाठी मुंबईला जायचं तर शेगाव किंवा मलकापूरला विदर्भ एक्सप्रेस पकडावी. ती थेट छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला सोडते, आणि तिथून आझाद मैदान चालत जाण्याच्या अंतरावर आहे. रेल्वेने शिक्षकांच्या सोयीसाठी एवढं केलं, हे नमूद करायला हवं.

सोबत सतरंजी, छत्री, भाकरी-ठेचा, रजेचा अर्ज आणि मोबाईलचा चार्जर घ्यावा. पावसाळी अधिवेशनाच्या वेळी गेल्यास छत्री दोन घ्याव्यात. जुलै २०२५ मध्ये राज्यभरातले शिक्षक टप्पा अनुदानाच्या पैशांसाठी तिथे भर पावसात चिखलात बसले होते. आंदोलनाच्या दिवसांत मोठमोठे नेते भेटीला येतात. जे सत्तेत असताना भेटत नाहीत ते विरोधात असताना भेटतात, म्हणून प्रत्येक पक्षाचा नेता आयुष्यात एकदा तरी बघायला मिळतो. आश्वासन मिळालं की टाळ्या वाजवाव्यात आणि परतीचं तिकीट काढावं. पोरांचा बुडालेला अभ्यास पुढच्या रविवारी जादा तास घेऊन भरून काढावा, कारण निकाल कमी लागला तर मूल्यांकनात गुण कमी पडतात.

पायरी ५ : शिकवण्यातून वेळ काढून इतर कामं करा

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार शिक्षकाला जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून दुसरं अशैक्षणिक काम देता येत नाही. कलम लहान आहे, पाठ करून ठेवावं. पाठ करण्याखेरीज त्याचा दुसरा उपयोग होत नाही.

सकाळी ऑनलाइन माहिती भरावी. ती काल भरली होती, पण आज दुसऱ्या नमुन्यात हवी असते. मग खिचडीचा तांदूळ मोजावा, हजेरी आणि ताटं यांचा मेळ घालावा, फोटो काढून पाठवावा. दुपारी मतदारयादी घेऊन वस्तीवर जावं. गावात वारलेले किती आणि लग्न होऊन गेलेल्या पोरी किती, हे तलाठ्यापेक्षा मास्तराला जास्त माहीत असतं. २०१७ साली तर राज्यात काही ठिकाणी उघड्यावर शौचाला जाणारे शोधण्याची कामगिरीही शिक्षकांकडे आली होती. पहाटे टॉर्च घेऊन ज्याला झाडामागून उठवलं, त्याच्याच पोराला साडेदहाला ‘स्वच्छतेचे महत्त्व’ शिकवायचं असतं.

सगळं आटोपून वेळ उरला तर शिकवावं. बहुतेक जण चोरून शिकवतात.

पायरी ६ : जोडधंदा

विनाअनुदानित उमेदवारांनी शाळेबाहेरच्या वेळेचा पेशा आधीच ठरवावा. सोयाबीनच्या सोंगणीला जाता येतं, पण आपल्याच वर्गातलं पोरगं बांधावर भेटलं तर ‘शेतीचा प्रकल्प करतोय’ असं सांगावं. विमा एजंट, झेरॉक्स सेंटर, कृषी केंद्रात हिशेब लिहिणं ही सन्मानाची कामं मानली जातात. सर्वांत चांगली शिकवणी. शाळेत फुकट शिकवलेला धडा संध्याकाळी पैसे घेऊन शिकवला की तोच धडा पालकांना जास्त कळतो.

इथे पालकांचं मन समजून घ्यावं. पोरगं नीटला बसवायचं म्हटलं की हाच शेतकरी बाप अकोल्याच्या क्लासची लाखाच्या घरातली फी भरतो, वरून खोलीभाडं आणि मेस भरतो, प्रसंगी एकरभर जमीन काढतो. त्याला शिक्षणाची किंमत कळत नाही असं म्हणणं साफ खोटं आहे. त्याला शेवटच्या दोन वर्षांची किंमत कळते. पहिली दहा वर्षं ज्याने पोराला बाराखडी, पाढे आणि अपूर्णांक दिले, तो मास्तर त्याच्या हिशेबात पाऊस-पाण्यासारखा फुकटात धरलेला असतो.

पायरी ७ : सन्मान स्वीकारण्याची पद्धत

ही या मार्गदर्शिकेतली सर्वांत महत्त्वाची पायरी आहे. शिक्षकाचं वेतन दोन चलनांत दिलं जातं: रुपयांत आणि आदरात. पहिल्याची टंचाई असली की दुसऱ्याचा पुरवठा वाढतो. म्हणून आदराचा नवा आदेश निघाला की आपली थकबाकी तपासावी.

२०२२ साली वर्गावर्गांत ‘आपले गुरुजी’ म्हणून शिक्षकांचे ए-फोर आकाराचे फोटो लावायचे ठरले. शिक्षणसेवकाचे तेव्हा ६,००० चालू होते. मार्च २०२४ मध्ये शिक्षकांचा पेहराव ठरला: जीन्स नको, टी-शर्ट नको, शर्ट खोचलेला हवा. त्याच निर्णयात नावाआधी ‘टि’ लावण्याची मुभा मिळाली. डॉक्टरच्या नावाआधी जसं ‘डॉ.’, वकिलाच्या नावाआधी ‘ॲड.’, तसं. डॉक्टर आणि वकील फी घेतात, एवढा बारीक फरक त्यात राहून गेला. आणि ५ सप्टेंबर २०२४ रोजी, शिक्षकदिनाच्या मुहूर्तावर, वीस किंवा त्याहून कमी पट असलेल्या शाळांत महिना १५,००० रुपयांवर कंत्राटी शिक्षक नेमण्याचा निर्णय निघाला. सातपुड्याच्या पायथ्याच्या आदिवासी वाड्यांवर शाळा असतात त्या अशाच, कमी पटाच्या. सकाळी गुलाबपुष्प, दुपारी कंत्राट.

फोटो लावून मोकळं होण्याची रीत जुनी आहे. प्रत्येक शाळेत महात्मा फुल्यांची तसबीर असते. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना फुल्यांनी शिक्षकाच्या पगाराचा आकडा मांडला होता: कोणालाही महिना बारा रुपयांपेक्षा कमी नको, मोठ्या गावांत पंधरा ते वीस द्या. रयतेच्या घामातून आलेला सरकारचा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि रयतेच्या पोरांची प्राथमिक शाळा उपाशी राहते, अशी त्यांची तक्रार होती. आपण ११ एप्रिलला तसबिरीला हार घालतो. तो हार बहुधा मास्तरानेच स्वतःच्या पैशाने आणलेला असतो.

पायरी ८ : पारावर बोलण्याचा सराव

गावात पुढील वाक्यं ऐकू येतील. उत्तरं पाठ करावीत.

‘गुरजी, तुमाले काय, पंख्याखाली बसाचं अन् पगार घ्याचा.’ यावर हसावं. बिल थकलं म्हणून शाळेची लाइन कापलेली आहे, हे सांगू नये. सरपंच तिथेच बसलेले असतात.

‘सुट्ट्या लय हायेत राजेहो तुमाले.’ यावर ‘हो ना भाऊ’ म्हणावं. मे महिन्यातल्या प्रशिक्षणाचा आणि सर्वेक्षणाचा विषय काढू नये.

‘आमचं पोट्टं मी इंग्लिशमधीच टाकलं, झेडपीत काय शिकवतेत?’ हे वाक्य कधी कधी पूर्ण वेतनाचा सहकारीही बोलतो, कारण त्याचं पोरगंही तिथेच आहे. तेव्हा चहा मागवावा आणि पैसे त्यालाच देऊ द्यावेत.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*शिकवणं ही सेवा नाही का? सेवेला पगार कशाला?*
शेगावच्या गजानन महाराज संस्थानात सेवेकरी विनामूल्य सेवा देतात. ते आपल्या मर्जीने येतात, नेमलेले दिवस सेवा करतात आणि आपल्या कामधंद्याला परत जातात. मास्तराचा कामधंदाच हा आहे. तो परत कुठे जाणार?

*लग्न जमेल का?*
मुलीकडचे आधी ‘काय करतो?’ विचारतात. ‘शिक्षक’ म्हटल्यावर खुर्ची पुढे करतात. मग ‘किती टक्क्यांवर?’ विचारतात. त्यानंतर चहा येतो की नाही, ते उत्तरावर अवलंबून.

*पूर्ण पगाराचे काही मास्तर कामचुकार असतात, त्याचं काय?*
असतात. कामचुकार तहसीलदार असतो, कामचुकार अभियंताही असतो. त्यावरून इतर तहसीलदारांनी वीस टक्क्यांत काम करावं, असं अजून कोणी सुचवलेलं नाही.

*सरकारकडे पैसा नसेल तर?*
पैसा नसता तर कशालाच नसता. वेशीवर कमान झाली, सभागृह झालं, त्याला संरक्षक भिंत झाली. शाळेची खोली शिकस्त झाली तर तिथे फक्त पाटी लागते: ‘धोकादायक, जवळ जाऊ नये’. आणि हे एकट्या सरकारचंही नाही. लग्नाच्या डीजेला, वाढदिवसाच्या फलकाला आपण घासाघीस न करता पैसे मोजतो, आणि शाळेच्या रंगासाठी लोकवर्गणी मागायला मास्तर दारात आला की खिसे चाचपतो.

पालकांसाठी गृहपाठ

शिक्षकांसाठीची मार्गदर्शिका इथे संपली. त्यांच्या हातात फार काही नाही. उरलेलं काम वाचकाचं आहे, आणि ते सोपं आहे.

खामगावच्या बाजारात आज कापसाला काय भाव होता, ते तुम्हाला माहीत आहे. जेसीबी तासाला किती घेतो, डीजेवाला एका रात्रीचे किती मागतो, सोंगणीचा एकरी दर काय, हेही तोंडपाठ आहे. ज्याची आपल्याला गरज वाटते त्याचा दर आपण विचारून ठेवतोच. आता सांगा, तुमच्या पोराला अपूर्णांक शिकवणाऱ्या माणसाला महिन्याला किती मिळतात, आणि शेवटचे कधी मिळाले?

माहीत नसेल तर उद्या शाळेत जाऊन विचारा. शाळा सरकारी किंवा अनुदानावरची असेल तर शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सभासद पालकच असतात. तो हक्क कायद्याने दिलेला आहे, त्यासाठी कोणाची चिठ्ठी लागत नाही. इंग्रजी शाळा असेल तर फी भरायच्या खिडकीवरच विचारा, तिथे तुमचं ऐकून घेतात. आकडा कळला की ग्रामसभेत उभं राहून तो मोठ्याने वाचा, आणि गावाच्या विकास आराखड्यात कमानीसाठी किती धरलेत तेही त्याला लागून वाचा. मग निवडणुकीत मत मागायला जो दारी येईल, त्याला बसवा, पाणी द्या आणि हे दोन्ही आकडे त्याच्याकडून पाठ म्हणून घ्या. चुकला तर पुन्हा म्हणायला लावा. मास्तर आमच्याशी हेच करत आलेत.